घासलेल्या नाण्यांचा भाव

प्रिय चिमणे,

टण्, टण्, टण्. दाराच्या कडीवर भोकाचं नाणं आपटल्याचा आवाज. घंटेपर्यंत तुझा हात पोचत नव्हता तेव्हाचा. दोऱ्यात ओवून ते तांब्याचं नाणं मीच तुझ्या गळ्यात घातलं होतं, आणि शाळेतून आलीस की तू ते तीनदा वाजवायचीस. चौथ्यांदा कधी नाही. आज सकाळपासून तो आवाज कानात आहे. कवितेची अर्धी ओळ आठवावी आणि उरलेल्या अर्धीसाठी जीव कासावीस व्हावा, तसं झालंय. शाळेत पाठ केलेल्या सगळ्या कविता मला अजून येतात, हे जावईबापूंना सांग. त्यांना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं आता रिकामं झालं.

उद्या दहा वाजता तू त्या नाणेवाल्या दुकानदाराला घेऊन येणार, तो माझी नाणी एकगठ्ठा उचलणार, आणि मी दोन बॅगा घेऊन तुमच्याकडे राहायला येणार, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. मला विचारायचं तेवढं राहिलं. जावईबापू त्या नाण्यांना 'पसारा' म्हणाले. एकतीस वर्षं मी बसमध्ये कंडक्टर होतो. चामड्याच्या पिशवीत एखादं जुनं, वेगळं नाणं आलं की खिशातलं तेवढ्याच किमतीचं आत टाकायचं आणि ते घरी आणायचं, हा माझा नेम. लोक उभ्याने डुलक्या घेत असायचे आणि माझ्या मुठीत एखाद्या विस्मरणात गेलेल्या राजाचं नाक असायचं. असा पसारा ज्याने त्याने जमवून बघावा.

तीन महिन्यांपूर्वी तो दुकानदार पहिल्यांदा आला तेव्हा त्याने वरच्या कप्प्यातल्या एकोणीस नाण्यांवर भिंग फिरवलं आणि म्हणाला, सगळी घासलेली आहेत, भंगाराच्या भावाने जातील. खालचे कप्पे त्याने उघडलेही नाहीत, न बघताच सगळ्यांचा मिळून एक आकडा सांगितला. तू माझ्याकडे पाहिलंस, मी खिडकीकडे. पण मान्य केलं नाही.

मी भाव शोधायला निघालो. आधी फोनवर बघितलं. तिथे एका साध्या नाण्याचे कुणी बंगल्याएवढे पैसे मागत होता. मागायला काय जातं, आपल्या गळक्या बादलीचे मीही मागेन. मग शेजारच्या नर्सबाईंना त्याच दुकानात पाठवलं. खालच्या कप्प्यातलं एक नाणं मी आदल्या दिवशी त्याला विकायला म्हणून दाखवलं होतं. तो म्हणाला, चाळीस. दुसऱ्या दिवशी बाईंनी तसंच नाणं विकत मागितलं, तर म्हणाला, चारशे, आणि तुमच्यासाठी म्हणून. बाई हसत हसत घरी आल्या. म्हणाल्या, भाऊ, एका रात्रीत एवढा ताप मी पेशंटलाही चढलेला पाहिला नाही.

पण त्याचे चाळीस खोटे तसे बाईंचे चारशेही खोटेच. खरा भाव कुठला, तर लिलावात हातोडा पडल्यावर कुणीतरी खरोखर मोजलेला. वाचनालयातल्या संगणकावर गेल्या पाच वर्षांचे निकाल असतात. दोन महिने रोज तिथे बसलो. एकेका नाण्याचं साल, झीज, शेवटच्या तीन विक्रींचा भाव, सगळं वहीत उतरवलं. खालच्या कप्प्यांतल्या नाण्यांना तुझ्या दुकानदाराने सांगितल्याच्या चौपट भाव येतो. ती मी विकणार आहे, पण लिलावात, माझ्या सहीने.

वरच्या एकोणिसांबद्दल मात्र तो खरं बोलला. घासलेलं नाणं तिसऱ्या हिश्श्यालाही जात नाही, माझी वहीही तेच सांगते. नाण्यावरचा काळपटपणा हे त्याचं वय असतं, ते खरवडलं की उरतो तो धातूचा तुकडा. हे ज्याला कळतं तो नाणं धूतसुद्धा नाही. मी तर नाहीच नाही.

ती तुझ्या आईने घासली. तुझं बाळंतपण होतं त्या महिन्यात. मी कामावरून आलो तर ती मोरीपाशी बसलेली, लिंबू आणि राख घेऊन, आणि एकोणीस नाणी कल्हईवाल्याने लाजावं अशी चकाकत होती. मी ओरडलो. चाळीस वर्षांत एकदाच, पण शेजारी बाहेर आले एवढ्याने. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पाहुणे येणार ना आज, भांडी नकोत का स्वच्छ?" त्या दिवशी मला कळलं की तिचं काहीतरी हातातून निसटायला लागलंय. तुला वर्षभर कळू दिलं नाही, कारण तुझ्या मांडीवर तान्हं होतं. आणि नाण्यांचं तर कधीच सांगितलं नाही, कारण ओरडल्याची लाज वाटत होती.

हे पत्र तेवढं सांगण्यासाठी आहे. ती एकोणीस नाणी विकायची नाहीत. त्यांचा भाव मी शोधला, वहीत लिहिला आणि खोडला. तिने मन लावून केलेलं ते शेवटचं काम आहे. मी उद्या बॅगा भरणार नाही. दुकानदाराला आणलंस तर चहा देईन आणि परत पाठवीन. राग आला तर येऊ दे.

तुझाच, अजून न उतरलेला कंडक्टर,
बाबा

ता. क. पाकीट चिकटवणार, एवढ्यात कडी वाजली. घंटा चालू आहे, तरी कडी. तीनदा. चौथ्यांदा नाही. त्या भोकाच्या नाण्याला बाजारात कुणी विचारत नाही, मी बघितलंय. बाहेरून तू म्हणते आहेस, "बाबा, मी एकटीच आलेय." पत्र दाराखालून सरकवतो. तिथेच उभी राहून वाच, मग कडी काढतो.