हे उत्तर नसून नाव आहे

६ जानेवारी

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

अर्ज पुन्हा परत आला. वकिलातीतल्या तीन नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी आज सकाळी लिफाफा स्वतः माझ्या हातात दिला आणि आतला शेराही वाचून दाखवला. लाल शाईत एकच ओळ आहे : नाव ठरल्यावर अर्ज करावा.

आता तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पहिला अर्ज परत आला तेव्हा कागदात चूक आहे एवढंच कळवलं होतं. चूक अशी. ठमी झाली त्या दिवशी तुमचे बंधुराज इस्पितळातल्या नोंदणीच्या टेबलासमोर उभे होते. कारकुनानं बाळाचं नाव विचारलं. हे त्याच वेळी फोनवर कुणाशी तरी बोलत होते आणि फोनमध्ये दोनदा मोठ्यानं म्हणाले, अजून नाही, अजून नाही. कारकुनाला आपली भाषा येत नाही. त्यानं ऐकलं तसं लिहिलं, शिक्का मारला. दाखल्यावर तुमच्या भाचीचं नाव आहे ‘अजून नाही’, आणि पुढे आपलं आडनाव.

पहिल्या अर्जात आम्ही माझ्या आईचं नाव घातलं होतं, तेच ठेवायचं ठरलं होतं. ते दाखल्याशी जुळेना म्हणून अर्ज परत आला. म्हणून दुसऱ्या अर्जात दाखल्याबरहुकूम लिहिलं. नाव : अजून नाही. खिडकीवरच्या बाई आपल्याच भाषेतल्या, त्यांना वाटलं आम्ही नाव ठरवायच्या आधीच धावत आलोय.

दाखला दुरुस्त करायचा तर इथल्या कोर्टात आठ महिने लागतात. आणि वीस फेब्रुवारीला ठमीला वर्ष पुरं होतंय. इथे जन्मलं म्हणून कुणी इथलं होत नाही, आणि वर्षाच्या आत वकिलातीत नोंद झाली नाही तर ती आपल्या देशाचीही आपोआप राहत नाही. मग खास परवानगी, ती मिळायला दोन-तीन वर्षं. यांचं कंत्राट मार्चअखेर संपतं. आम्हा दोघांना इथून निघावंच लागेल. तिला मात्र कुठल्याच देशाचा कागद नसल्यामुळे विमानात बसता येणार नाही. अकरा महिन्यांचं पोर, वन्सं, आणि कोणाचंच नाही.

बाकी ती मजेत आहे. खालच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानातून वाफेचा आवाज आला की खुर्ची धरून उभी राहते आणि त्याला उत्तर देते. दिवसभर शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा बाप तिला कडेवर घेऊन तीन मजले पायऱ्या चढतो, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

काही सुचलं तर लिहा. माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
मास्तरीण


१४ जानेवारी

चि. सौ. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

पत्र काल पोचलं. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद करून ठेवला.

तू मोठ्या मनानं ‘कुणाशी तरी’ असं लिहिलंस. मी तीस वर्षं मुद्रितं तपासतेय बाई, गाळलेला शब्द मला आधी दिसतो. फोनवर मी होते. बाळ-बाळंतीण सुखरूप, एवढं कसंबसं ऐकू आलं, मग नाव ठरलं का म्हणून मीच विचारलं. माझ्या कानांचं तुला माहीतच आहे. पहिल्यांदा कळलं नाही म्हणून पुन्हा विचारलं, म्हणून तो बिचारा ओरडला. शाळेच्या पुस्तकांतल्या वेलांट्या सुधारून ज्या बाईनं पोट भरलं, तिनं पोरीच्या जन्मदाखल्यात एवढी मोठी चूक घालून ठेवली, आणि तुम्ही दोघांनी अकरा महिने मला कळू दिलं नाही. यासाठी तुम्हाला कधी रागवायचं ते भेटीत ठरवू.

आता कामाचं. दाखला सुधारायच्या मागे लागू नका, वेळ नाही. चूक सुधारता येत नसेल तर ती चूक नाही असं म्हणायचं. आईबापांनी कबूल केलं की जे लिहिलंय तेच नाव, तर दाखला बरोबर, अर्जही बरोबर. अडचण फक्त वाचणाऱ्या बाईची आहे, तिला उत्तर आणि नाव यांतला फरक दाखवून द्यावा लागेल. तिसरा अर्ज त्याच नावानं करा आणि सोबत दोघांच्या सहीचं निवेदन जोडा. आमच्या छापखान्याच्या वकिलांना विचारून आले. ते हसले खूप, पण म्हणाले की कायद्यानं यात काही वावगं नाही.

तुला हे रुचणार नाही, ठाऊक आहे. तरी विचार कर. धाकट्याला म्हणावं, टेबलासमोर उभं असताना फोन खिशात ठेवत जा.

तुझी, आणि तुझ्या नवऱ्याची त्याच्याही आधीपासूनची,
वन्सं


२२ जानेवारी

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

रुचलं नाही. तुम्हाला खोटं कशाला लिहू?

मी सात वर्षं वर्गात हजेरी घेतलीय. मास्तरांनी ‘अजून नाही’ असं पुकारलं की वर्ग कसा फुटेल ते मला दिसतं. कोणी आलीस का विचारलं, अजून नाही. पास झालीस का, अजून नाही. लग्न झालं का, पुढचं तुम्हीच लिहा. आणि त्यातलं ते ‘नाही’! ज्या लेकरासाठी मी डॉक्टरांच्या दारात चार वर्षं बसले, तिला हाक मारताना ‘नाही’ म्हणायचं?

माझ्या आईचं तुम्हाला ठाऊक आहे. शिवणाच्या कारखान्यात बारा तास काजं केली आणि मला शिकवलं. तिला कळलं होतं मला दिवस गेलेत म्हणून, पण ठमीला बघायला ती थांबली नाही. तिचं नाव पुढे चालावं एवढीच माझी इच्छा होती. तेही या पोरीला मिळू नये?

काल हे कामावरून आल्यावर म्हणाले, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसांना आधी जवळच्या मजल्यावर काढायचं असतं, त्यांना कुठल्या मजल्यावर जायचं होतं ते मग. मी म्हटलं, माझी मुलगी लिफ्ट नव्हे.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका एवढंच सांगायचं होतं. बाकी काय लिहू?

तुमच्या मायेची,
मास्तरीण

ता. क. – ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहितो. तिनं पत्र संपवलं, ठमीला निजवलं, आणि कोरा फॉर्म काढून टेबलावर ठेवलाय. वर वाटी ठेवलीय उडू नये म्हणून. निवेदनाचा मजकूर लगेच पाठव. शुद्धलेखन तूच बघ, माझ्या हातून आता एक अक्षरही लिहायची हिंमत होत नाही. – धाकटा


३० जानेवारी

चि. सौ. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ.

मजकूर सोबतच्या कागदावर आहे. नऊ वेळा लिहिला. आधी कारकून, फोन, माझे कान, सगळी कहाणी घातली होती. मग एकेक वाक्य काढलं. सरकारी माणसाला कहाणी दिली की तो शंका काढतो. शेवटी एवढंच उरलं :

‘अर्जातील पहिल्या रकान्यात लिहिलेला मजकूर हे उत्तर नसून नाव आहे. आमच्या मुलीचे जन्मदाखल्यावरील नाव हेच असून ते आम्हा दोघांना मान्य आहे.’

‘मान्य’ हा शब्द तुझ्यासाठी जड आहे. पण तोच लागतो, मी दुसरे घालून पाहिले.

आमच्या कामात एक खूण असते. तपासताना एखादा शब्द चुकीचा समजून खोडला आणि मग कळलं की तो असायलाच हवा, तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं : राहू द्या. खिळे जुळवणारा जुळारी ते वाचतो आणि शब्द जागच्या जागी राहतो. मी शिकलेल्या सगळ्या खुणांत ही मला फार आवडते. तुझ्या लेकीच्या नावाखाली सध्या ठिपके दे. ती इथे आली, आपली झाली, की राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन तुझ्या आईचं नाव रीतसर लावू. ते नाव कुठे पळून जात नाही. वीस तारीख मात्र पळतेय.

हा अर्ज खिडकीत सरकवू नका. त्या बाईंच्या वर कोणी अधिकारी असतीलच, त्यांच्यासमोर बसूनच द्या. आणि ठमीला घेऊन जा. कागदातलं माणूस समोर रांगताना दिसलं की फरक पडतो.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
वन्सं


११ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

अर्ज दाखल झाला. वकिलातीतल्या अधिकाऱ्यांनी आज साडेअकराला आमच्यासमोर नोंदवहीत क्रमांक घातला आणि तारखेचा शिक्का मारला. वीस तारखेला नऊ दिवस बाकी आहेत. मुदत पाळली गेली, हे त्यांनी मी विचारल्यावर दोनदा सांगितलं.

आत बसायला मिळायलाच दीड तास गेला. अधिकाऱ्यांनी तुमचं निवेदन वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं, आणि विचारलं की हा मजकूर कोणत्या वकिलाचा. हे म्हणाले, बहिणीचा. मग त्यांनी खिडकीवरच्या बाईंना आत बोलावलं. बाईंनी कागद पाहिला, आपला लाल शेरा पाहिला, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, त्यांना वाटलं होतं की काय हे आईबाप, वर्ष होत आलं तरी पोरीला नाव नाही! मग एकदम गंभीर झाल्या आणि माझी क्षमा मागितली. मलाही हसू फुटलं. या प्रकरणात मी हसेन असं वाटलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी मला वेगळं विचारलं, मान्य असं लिहिलंय ते खरंच ना? ठमीनं तेवढ्यात शिक्क्याच्या गादीत पंजा घातला आणि तो त्यांच्या टेबलाच्या काचेवर उमटवला. त्यांनी रुमाल काढला, आणि मी हो म्हटलं. वन्सं, ते हो म्हणताना मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. आई असती तर तिनंही आधी पोर घरी आण, मग नावाचं बघ, असंच म्हटलं असतं.

आता पुढचं. येत्या गुरुवारी दहा वाजता नोंदणीचं प्रमाणपत्र मिळणार आहे. त्याच दिवशी पासपोर्टचा अर्ज, आणि तीन आठवड्यांत पासपोर्ट. म्हणजे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं विमानात असू. राजपत्राचा फॉर्म आणून ठेवा, घाई नाही.

खिडकीवरच्या बाईंनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवलीय. गुरुवारी बाहेरच्या दालनात नावं मोठ्यानं पुकारतात, दुसरी सोय नाही. सगळी बाकं आपल्याच लोकांनी भरलेली असतात. त्या पुकारतील तेव्हा दालन हसणार हे नक्की. हसू दे. मी ठमीला कडेवर घेऊन, हजर म्हणून खिडकीशी जाणार आहे.

कानांना जपा, आम्ही येतोय,
मास्तरीण