पुढच्या ओळीवर, पण पूर्ण

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गुडघ्याचं दुखणं तू तीन शब्दांत उरकलंस, म्हणजे ते वाढलंय हे मी ओळखलं. इकडे आनंदाची बातमी आहे. आमच्या मास्तरांनी काल स्वतःच्या हाताने चमचा तोंडापर्यंत नेला. अर्धा भात उशीवर सांडला, पण अर्धा तोंडात गेला! आयुष्यभर गाणं शिकवलेला माणूस, अर्धांगवायूने उजवी बाजू गेल्यापासून दोन वर्षं अंथरुणात. काल लहान मुलासारखे माझ्याकडे बघत होते, शाबासकी मिळते का म्हणून.

आता माझी फजिती ऐक. दोन वर्षं मी त्यांना सांभाळतेय, पण माझा पगार एका पैशाने वाढलेला नाही. वर मास्तरांच्या पाठीचं मलम मीच माझ्या पैशाने आणते, कारण दर वेळी मागायचं म्हणजे जिवावर येतं. परवा मनाचा हिय्या केला. न्हाणीघराच्या आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं आणि त्यांच्या मुलीकडे, वकीलबाईंकडे, तीन हजार वाढवून मागितले. त्यांनी फायलीतून मान वर केली. त्या काही बोलायच्या आत मीच म्हणाले, दोनही चालतील. मग म्हणाले, सवडीने बघा. मग चहा टाकू का विचारून सरळ स्वयंपाकघरात पळाले. तू हसशील, मला मात्र ओट्याशी उभं राहून रडू आलं.

लोभ आहेच, तो असाच मुरत राहो.
तुझी भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मास्तरांना माझी शाबासकी सांग. तुझ्या फजितीला मी हसले नाही, पण खरं सांगू, तुझं मागणंच मला पटलं नाही. मी एकतीस वर्षं दवाखान्याच्या वॉर्डात आया म्हणून काढली. जादा पाळीचे पैसे मिळायला अर्ज भरावा लागे, तो मी एकदाही भरला नाही. मेट्रनबाई म्हणायच्या, तुझ्यासारखी बाई शोधून सापडायची नाही. तेवढ्यावर मी महिनाभर फुगून असे. आताही गल्लीतल्या बाळांना न्हाऊ घालते, कुणाकडून दमडी घेत नाही. माणसाच्या अंगाला हात लावायचा तर मनात पैसा नसावा, असं मला वाटतं. तुला राग येईल. आला तर येऊ दे, पण मलमाचं मात्र वकीलबाईंना सांग. ते तू आणायचं कारण नाही.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद न मागताही पाठीशी आहेत.
तुझी मावशी

२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस कामाच्या झग्याच्या खिशात घेऊन हिंडले. राग आला, मग रडू आलं, मग विचार आला. ऑपरेशन करणारे डॉक्टरही अंगाला हात लावतात आणि फी घेतात. त्यांच्या मनात काय असतं, हे कुणी विचारत नाही.

एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगायची नाही. गेल्या महिन्यात सलग तिसऱ्या रविवारीही मी कामावर होते. सुटी अशी ठरलेली नव्हतीच; वकीलबाई ये म्हणाल्या, मी गेले. त्या दिवशी कूस बदलताना मी मास्तरांना जरा हिसक्यानेच वळवलं. ते काही बोलू शकत नाहीत, नुसते बघत राहिले. मावशी, तेव्हा माझ्या मनात पैसा नव्हता. चीड होती. मनात पैसा नको म्हणतेस, पण त्याच्या जागी हे चालेल का?

म्हणून मी पुन्हा वकीलबाईंकडे गेले. या वेळी उभी राहिले नाही, समोरच्या खुर्चीवर बसले. तीन हजार वाढवून, आठवड्याला एक सुटी आणि मलम-चादरीचा खर्च घरचा, एवढं बोलले आणि तोंड मिटलं. ते मिटलेलं ठेवणं हेच सगळ्यात अवघड गेलं बघ! वकीलबाई म्हणाल्या, तुला आम्ही घरचंच मानतो. मी म्हणाले, म्हणूनच तर तोंडावर सांगतेय. विचार करते, म्हणाल्या. आज पाच दिवस झाले, कामापुरतंच बोलतात. नाही म्हणाल्या तर मी महिना भरून निघणार, दुसरं घर बघून ठेवलंय. मास्तरांना सोडायचं मन होत नाही, पण आकडा खाली येणार नाही. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर एक जखम नाही. डॉक्टर म्हणाले, हे दवाखान्यातही साधत नाही. ते माझ्या या हातांनी साधलंय.

रागावली असशील तरी लोभ आटवू नकोस.
तुझी भिंगरी

२५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही, तरी लिहिते. मिळालं! तीनच्या तीन हजार, अर्धे या महिन्यापासून, अर्धे तीन महिन्यांनी. मलम त्यांचं. सुटी गुरुवारी. वकीलबाई आठव्या दिवशी माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, अशिलाला माझी फी सांगताना मी डोळ्याची पापणी लववत नाही. तू मागत नव्हतीस तोवर मला बरंच वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच आता लाज वाटते. त्यांचाही बाप अंथरुणात आहे, हे मी विसरत नाही.

पहिल्या गुरुवारी काय करावं कळेना. दुपारपर्यंत झोपले, मग बँकेत जाऊन फक्त माझ्या नावाचं खातं उघडलं. शुक्रवारी मास्तर रुसून भिंतीकडे तोंड करून होते. पण मी त्यांना वळवलं तेव्हा माझा हात इतका हलका होता, की मलाच जाणवलं.

तुझ्या गुडघ्याच्या डॉक्टरांची फी निम्मी मी देणार, निम्मी तू. सगळी देणार नाही, आता मी शहाणी झालेय.

दोन ओळी तरी लिही, नुसत्या लोभावर माझं भागत नाही.
तुझी भिंगरी

१९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तर नव्हतं म्हणून लिहिलं नाही. मास्तरांना हिसका दिलास ते वाचून पत्र उशीखाली ठेवलं. वॉर्डात माझ्याही हातून असे हिसके गेले आहेत. मी त्यांना थकवा म्हणत आले.

मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या लेकीला जुळं झालं. बोलावणं आलं. गेले, उंबऱ्यातच उभी राहिले आणि माझा आकडा सांगितला. साठाव्या वर्षी पहिल्यांदा! कानशिलं तापली, जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तर शिंपीणबाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, सुटले बाई. पहिल्या नातवाच्या वेळी महिनाभर गरज होती, पण तुम्ही काही घेत नाही म्हणून आठ दिवसांनी बोलवायचीच लाज वाटायला लागली. भिंगरे, मला वाटायचं मी देतेय. त्यांना ते ओझं होत होतं. आता दोन महिने रोज जायचं ठरलंय. दोन्ही बाळं माझ्या पायांवर आली की गप्प होतात.

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. फी पूर्ण मी भरली, न्हाणीच्या पैशातून. तुझी निम्मी तुझ्या खात्यात राहू दे. तुझा मला किती अभिमान वाटतो, हे त्या दवाखान्यात बसल्या बसल्या कळलं. तिथल्या मुलीने कागद भरताना काम काय विचारलं. नोकरी सुटल्यापासून मी ‘काही नाही’ असंच सांगत आले. या वेळी म्हणाले, बाळ-बाळंतिणीची काळजी घेते, एकतीस वर्षं रुग्णांची घेतली. ती म्हणाली, आजी, एवढं या रकान्यात मावत नाही. मी म्हटलं, पुढच्या ओळीवर लिही, पण पूर्ण लिही.

लोभ माझ्याकडे भरपूर आहे, आणि तो मात्र कायम फुकट.
तुझी मावशी