तेल विसरलेल्या मिस्त्रीची गोष्ट

अण्णा, परवा मी तुम्हाला पुन्हा एकदा विसराळू ठरवलं. नातू मागे लागला, "आजी, वो मोटरवाली बात सुनाओ ना," आणि मी नेहमीसारखी रंगवून सांगितली. इंदूर संस्थानच्या मोटारखान्यातले एवढे नावाजलेले मिस्त्री, आणि स्वतःच्याच गाडीत तेल टाकायला विसरले! तो पोट धरून हसला, मीही हसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी अजून तुमच्या नावावर हशा मिळवते. लाज वाटते अण्णा, म्हणून लिहायला बसले.

संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झालं, मोटारखाना मोडला आणि तुमच्या हातातला पाना जाऊन टाक आला. कचेरीत कागद लिहायचे, तेही अर्धं वर्ष इंदूरला नि अर्धं ग्वाल्हेरला, कारण नव्या राज्याच्या राजधान्याच दोन. दिवाळी झाली की सगळी कचेरी बाडबिस्तरा बांधून तिकडे जायची, उन्हाळा लागला की परत यायची. मोटारखान्यातून मोडीत निघालेली एक गाडी तुम्ही घरी आणली होती. तिचं मीटर एकदा पुरं फिरून पुन्हा शून्यापासून सुरू झालं होतं. जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या आपल्या घरामागे पत्र्याची शेड घालून तुम्ही दर रविवारी तिच्याखाली पडलेले असायचात. आई म्हणायची, "या घरात मी दुसरी." तरी तुमच्या चहाचा कप तीच शेडमध्ये आणून द्यायची.

त्या वर्षी एकटे ग्वाल्हेरला जायच्या आदल्या दिवशी तुम्ही गाडी विटांवर चढवली, पाणी काढलं, प्लग काढून एकेका भोकात तेल सोडलं. तेलाचा डबा मी धरला होता. हे मला लख्ख याद आहे. तुम्ही म्हणालात, "बेटा, हिचं मशीन झिजलेलं आहे, तेल वर टिकत नाही, हळूहळू खाली उतरतं. मग आतल्या रिंगा गंजून धरतात. दर रविवारी पुढून हँडल घालून मशीन चाळीस वेळा फिरव, आणि मला कार्ड टाक." मी आठवीत होते. तुम्ही हे काम आईला नाही, मला सांगितलं, म्हणून काय मिजास होती माझी.

दोन रविवार मी फिरवलं. तिसऱ्या रविवारी समोरच्या ओट्यावरच्या मुली ओरडल्या, "ओ ड्रायवरनी बाई, हमको लालबाग महल घुमा लाओ!" मी हँडल तिथेच टाकून घरात आले. पुढच्या रविवारी गेलेच नाही. कार्डावर मात्र लिहिलं, चाळीस वेळा फिरवलं. एकदा लिहिलं की दुसऱ्यांदा लिहिणं सोपं जातं. मुलींचं निमित्त दोन आठवड्यांत संपलं होतं अण्णा, पुढे नुसता आळस होता.

होळीच्या सुमारास तुमचं कार्ड आलं. इथल्याच तुकोगंजचे एक बसवाले शेठ त्यांच्या गाड्यांसाठी हेड मिस्त्री शोधत होते. तुमची गाडी एवढी चालूनही अजून पळते हे त्यांनी ऐकलं होतं. तुम्ही आलात की ते स्वतः पाहायला येणार होते. काम मिळालं की ग्वाल्हेर सुटणार होतं. आईने ते कार्ड चारदा वाचलं आणि देवापुढे ठेवलं. मी हँडल घेऊन धावत शेडमध्ये गेले. मावठ्यात पत्रा गळला होता, बॉनेटवर पाण्याचे ओघळ होते, आणि हँडल घालायच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. मी भ्यायले. माशीला भ्यायले की आणखी कशाला, आता सांगता येत नाही. परत आले आणि लिहिलं, चाळीस वेळा फिरवलं.

तुम्ही येता. सकाळची वेळ आहे. ट्रंक खाली ठेवायच्या आधी तुम्ही पिशवीतून ग्वाल्हेरच्या तिळगुळाच्या गजकचा पुडा काढता आणि म्हणता, "ही आमच्या हँडलवालीची." मी तो घेते. तुम्ही कोट काढून शेडकडे जाता, मी दारात उभी. तुम्ही हँडल घेऊन वाकता आणि तसेच थांबता. मग खिशातून पेचकस काढून ते मातीचं घर हळूच खरवडता, चुरा ओंजळीत घेता आणि भिंतीपलीकडे टाकता. माझ्याकडे वळून बघत नाही. हँडल जागचं हलत नाही. मग घासलेट ओतून, थांबून, पुन्हा जोर लावून तुम्ही दिवसभर खपता. तुमचे तळवे सोलून निघतात.

संध्याकाळी शेठ आले. "क्या हुआ मिस्त्रीजी?"

"गलती मेरी है. जाते बखत तेल डालना भूल गया."

"भूल गए?" शेठ वाईट नव्हते, हळूच म्हणाले, "अपनी गाड़ी में भूल गए, तो मेरी बसों में क्या करोगे?" आणि चहा न घेता गेले.

आई घरात आल्यावर म्हणाली, "असं कसं विसरलात हो?" तुम्ही म्हणालात, "वय झालं." चाळिशी नुकतीच ओलांडली होतीत तुम्ही. मी तिथेच होते, तोंडात गजक होती.

गाडी बैलगाडीवर घालून भंगारात गेली. तुम्ही पुढेही ग्वाल्हेरच्या थंडीत खोकत राहिलात, मग कचेरी भोपाळला गेली तर तिकडे गेलात. पाना पुन्हा हातात धरला नाही. आई शेवटपर्यंत तुम्ही निघताना विचारायची, चष्मा घेतला का, किल्ली घेतली का, आणि तुम्ही प्रत्येक वेळी निमूट खिसे दाखवायचात. मला एका शब्दाने कधी बोलला नाहीत. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी तेव्हाच सगळं सांगून टाकलं असतं. तुमच्यानंतर ट्रंकेत माझी सगळी कार्डं सापडली, तारखेवार लावून दोरीने बांधलेली. मी ती आईला दाखवली नाहीत.

हे पत्र मी त्याच कार्डांच्या गठ्ठ्यात ठेवणार आहे. नातू देवनागरी वाचतो, पण मराठी दोन ओळींत सोडून देतो. अण्णा, हिंदीत लिहिलं असतं तर त्याने शेवटपर्यंत वाचलं असतं. म्हणूनच मराठीत लिहिलं.