दोन खिशांतल्या गोळ्या

२८ सप्टेंबर
यंदा एल्क मारणार, चांगलं घोड्याएवढं हरीण. लिहून ठेवतो.

आमच्या शिकारीच्या कॅम्पचा नियम सासऱ्यांच्या वेळचा. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची मागची शेपटी, म्हणजे कमरेखालचा भाग, कापायची आणि झोपडीत खिळ्याला टांगायची. माझ्या तीन लटकताहेत. मेहुणा डेल म्हणतो, चौथी लागली की हार्लनने बंदूक ठेवायची आणि कॅम्पचा स्वयंपाक बघायचा. मी आणि बीन्स ढवळणार! अख्ख्या मोंटानात हसं होईल.

दोष माझा नाही. बंदुकीचाही नाही. तिन्ही वर्षं गोळी चुकीची होती.

५ ऑक्टोबर
अभ्यास जोरात. हलकी गोळी लांबवर सरळ जाते. जड गोळी जवळून हाडसुद्धा फोडते. दुकानदार म्हणाला, गेल्या वर्षीही तू हेच विचारून माझं डोकं खाल्लंस. गिऱ्हाइकाशी असं बोलतात?

१२ ऑक्टोबर
हलकीच. निर्णय पक्का.

संध्याकाळी: जडच.

१३ ऑक्टोबर
दोन्ही नेईन. हे आजवर कुणालाच कसं सुचलं नाही!

बायकोला सांगितलं. व्हर्ना म्हणाली, अरे बाबा, दोन्ही एका जागी लागत नाहीत, एक काय ती धर आणि बंदुकीच्या दुर्बिणीचा नेम तिच्यासाठी जुळवून घे. ही स्वतः अजून वडिलांच्या जुन्या बंदुकीत त्यांचीच नेहमीची गोळी घालते. विज्ञानाचं तिला वावडं आहे.

शर्ट मात्र झकास शिवून दिलाय. तांबडा, लोकरीचा, दोन खिशांचा. म्हणाली, हा तरी सबंध परत आण. इतक्या मायेने म्हणाली की मला भरून आलं. आणणारच.

२० ऑक्टोबर
सरावाला जाणार होतो. वारा सुटला. शिवाय गोळी योग्य असली की सराव कशाला?

२६ ऑक्टोबर, सकाळ
हंगाम सुरू. उजव्या खिशात जड, डाव्यात हलक्या. आज कोण अडवतो बघू.

दुपार
एल्क आला! केवढी शिंगं! लांब होता, म्हणून हलकी भरली. तो चालत जवळ आला. हलकी काढली, जड भरली. तो पुन्हा लांब गेला. जड काढली, ती बर्फात पडली. शोधली. तोवर तो उभा राहून माझ्याकडे बघत होता. फार समजूतदार जनावर.

हलकी भरतोय, एवढ्यात खालच्या पाइनच्या झाडीतून व्हर्नाची बंदूक वाजली. एकदाच.

संध्याकाळ
डेल कात्री घेऊनच बसला होता. मी ठणकावलं, मी गोळीच झाडली नाही, मग नेम चुकला कसा? नियम म्हणजे नियम.

मग व्हर्नाने त्याच्या हातातून कात्री घेतली आणि माझ्या शर्टाचे दोन्ही खिसे कापले. स्वतः शिवलेले! खिळ्याला आता तीन शेपट्या आणि दोन खिसे. डेल म्हणाला, चल, पुढच्या वर्षी चूल तुझी. सगळे पोट धरून हसले. व्हर्ना पण. तिचं हसणं लागलं मला.

खरी चूक शर्टाची. एकच खिसा असता तर हा घोळ झालाच नसता.

२७ ऑक्टोबर
व्हर्नाचा एल्क तुकडे करून, खेपा घालत खांद्यावरून डोंगराखाली वाहिला. पाठ गेली.

वाटेत विचार केला. बीन्स हा विषय वाटतो तितका सोपा नाही. काळ्या लवकर शिजतात, तांबड्या पोटाला आधार देतात. उद्यापासून अभ्यास.

ठरलं. दोन्ही नेईन.