अठरा व्होल्टची सुट्टी

११ डिसेंबर

ठरलं! यंदाच्या सुट्टीत स्वतःला ड्रिल मशीन घ्यायचं. बिनवायरचं, बॅटरीवालं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माणसाकडे एक तरी असं खेळणं असावं, जे चालवताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा लागतो.

आमच्या घरात वर्षअखेरीची भेट ज्याची त्याने घ्यायची असा नियम आहे. नियम लेकीचा. ती शाळेत असताना एका वर्षी मी हिला वजनकाटा दिला, हिने मला घोरणं थांबवणारी नाकातली क्लिप दिली, आणि पुढचे चार दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तेव्हा लेकीने फर्मान काढलं — आपलं आपण आणायचं, कागदात गुंडाळायचं आणि सगळ्यांसमोर उघडून चकित व्हायचं. आता ती नोकरीसाठी लांब असते, पण नियम टिकून आहे. चकित व्हायला मला छान जमतं.

शिवाय ही नुसती चैन नाही. अडगळीच्या खोलीला दार बसवायचंय! ही पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. आधी हौस होती, आता काम झालंय. एका मोठ्या कादंबरीचे तेरा भाग मिळायच्या बेतात आहेत. स्टुडिओवाल्या बाईंची अट एकच — घरात शांत, बंद दाराची खोली हवी आणि तिथे केलेला नमुना तीन जानेवारीपर्यंत हातात हवा. नाहीतर काम दुसऱ्या कुणाला. सध्या ही कपड्यांच्या कपाटात डोकं घालून वाचते. अडगळीच्या खोलीला चौकट आहे, पण दार नाही, पडदा आहे. दार मी दोन वर्षांपूर्वी लावणार होतो.

१२ डिसेंबर

तक्ता तयार! हॉस्पिटलच्या खरेदी विभागात चोवीस वर्षं काढलीत. तीन कोटेशनं आणि तुलनेचा तक्ता असल्याशिवाय मी ऑफिसात टाचणीसुद्धा घेऊ देत नाही. इथे तर सात मशिनं आहेत. एकोणीस रकाने केले. वजन, व्होल्ट, फेरे, ताकद, दिवा आहे की नाही, हमी, मुठीचं रबर. प्रत्येक रकान्याला गुण.

हिला दाखवला. चष्मा लावून नीट वाचला हिने. म्हणाली, "छान आहे. ह्यात दार कुठल्या रकान्यात आहे?"

तांत्रिक गोष्टी घरच्यांना समजावणं महाकठीण.

१४ डिसेंबर

दुकानात जाऊन आलो. तक्ता बरोबर नेला होता. दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "साहेब, करायचंय काय?"

"एक दार बसवायचंय."

"मग हे घ्या." फळीवरचं हाताला लागलं ते उचलून पुढे केलं. चोवीस वर्षांत कुणा पुरवठादाराची अशी हिंमत झाली नव्हती!

पण हातात घेतलं आणि काय सांगू. मूठ तळव्यात अशी बसली, जणू माप घेऊन केली होती. घोडा दाबला. घुर्रर्र! ऑफिसात मी जे मागवतो ते सगळं दुसऱ्यांसाठी असतं — कापूस, चादरी, हातमोजे, नळ्या. एवढी वर्षं एवढ्या वस्तू हातांखालून गेल्या, त्यातली एकही माझी नव्हती. दुकानात उभ्या उभ्या जरा भरून आलं.

घेतलं मात्र नाही. तुलना अपुरी होती.

१५ डिसेंबर

ब्रशलेस मोटर म्हणजे काय ते आज समजलं. ज्यांना माहीत नाही त्यांची कीव आली.

१७ डिसेंबर

मागवलं! ड्रिल मागवलं. मग वाटलं, स्क्रू पिळायला वेगळं मशीन असतं, तेही हवं. मग वाटलं, प्लाय कापणार कशाने? घरात करवत नसताना दाराच्या गोष्टी करणं म्हणजे निव्वळ फुशारकी. म्हणून गोल करवत. तक्ता वाढवून पाहिला; तीनही एकाच कंपनीची, तीनही आपापल्या गटात पहिली. घासायचं मशीनही समोर दिसत होतं, पण मनाला आवर घातला. संयम हा गुण मला वडिलांकडून आला असावा.

१८ डिसेंबर

सकाळी चहा पिताना ही म्हणाली, "कोपऱ्यावरच्या सुताराशी बोलले. दीड दिवसात दार लावून देतो म्हणतो. उद्यापासून मोकळा आहे."

मी कप खाली ठेवला. "आणि मग माझ्या भेटीचं काय?"

हिने दोन्ही कप उचलले. मग म्हणाली, "बरं."

हिच्या 'बरं'चे प्रकार मला पाठ आहेत. हा त्यातला नव्हता. पण रागही नव्हता आवाजात, तेव्हा मीही विषय वाढवला नाही. सुताराला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पण लागलंच तर कळवा." लागलंच तर म्हणे! मी तीन मशिनं घेतलीत.

२१ डिसेंबर

ऑफिसला सुट्टी लागली. खोकी आली. भेटी उघडायचा कार्यक्रम आजच उरकला, कारण मला धीर नव्हता. लेक फोनच्या पडद्यावर हजर.

तीन खोकी, तीन कागद, तीनदा चकित झालो. ड्रिलची मूठ धरली, घोडा दाबला. काही नाही! पुन्हा दाबला. काही नाही. उलटं करून पाहिलं तर मुठीखाली नुसती खाच. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं — फक्त मशीन. बॅटरी व चार्जर वेगळे.

तिन्हींचं तेच.

धावत जाऊन तक्ता काढला. कपाळाला हात लावला. रकाना सोळा, माझ्याच अक्षरात : "बॅटरी — नाही." आणि रकाना दोन, वजन : "सर्वांत हलकं", त्याला पैकीच्या पैकी गुण. बॅटरीच नाही म्हटल्यावर हलकं असणारच! सगळी मशिनं त्याच एका रकान्याच्या जोरावर पहिली आली होती. दुसऱ्या कुणी असा तक्ता आणला असता तर मी त्याच्या अंगावर फेकला असता.

लेक हसून हसून पडद्याबाहेर गेली. परत आल्यावर म्हणाली, "आई, तू काय आणलंस?"

हिच्यापुढे खोकं नव्हतं. "मला काय हवंय ते मी आधीच सांगितलंय," ही म्हणाली.

मी म्हटलं, "येतंय, येतंय!" आणि जोरात हसलो. लेक हसली नाही. नेट अडकलं असावं.

२२ डिसेंबर

दुकानदार म्हणतो, ह्या कंपनीची बॅटरी सव्वीसला येईल. वर म्हणाला, "मी दाखवलं होतं त्याच्यात दोन बॅटऱ्या होत्या, साहेब." मूग गिळून परत आलो.

शेजाऱ्याकडे गेलो. हे निवृत्त इंजिनियर. सारखी पट्टी खिशात, म्हणून आम्ही त्यांना मिलिमीटर म्हणतो. त्यांच्याकडे बॅटरी आहे, पण दुसऱ्या कंपनीची. व्होल्ट अठराच, खाच वेगळी. बसत नाही. दोन शिकलेली माणसं अर्धा तास ती दाबून, फिरवून, एकदा तर गुडघ्याखाली धरून बसवायला बघत होतो.

शेवटी मिलिमीटर म्हणाले, "अहो, माझं जुनं वायरचं ड्रिल घेऊन जा ना. चला, आजच लावून टाकू दार. मी येतो मदतीला."

मी नको म्हटलं. बिनवायरची तीन मशिनं घरात आणि भोक पाडायचं वायरच्या मशिनाने? माणसाला काही तत्त्व असावं की नाही!

घरी येऊन हे हिला हसत हसत सांगितलं. ही भाजी निवडत होती. निवडत राहिली.

२४ डिसेंबर

करवत कशी धरावी ह्याचे व्हिडिओ बघत होतो. तासाभराने ही कपाटातून बाहेर आली. केस विस्कटलेले, अंगाला डांबरगोळ्यांचा वास. रेकॉर्डिंग ऐकवलं. कादंबरीतली विधवा शेतघराच्या पायरीवर बसून मुलाचं पत्र वाचतेय. हिचा आवाज असा काही लागला होता, की माझ्या अंगावर काटा आला. आणि पत्राच्या ऐन शेवटी, पाठीमागून, एक पुरुष ठणकावून सांगतो : "आधी बोटं मोजून घ्या!"

मला हसू आवरेना. हिलाही हसू येईल असं वाटलं होतं. पूर्वी आलं असतं.

व्हिडिओचा आवाज कमी केला. बऱ्यापैकी कमी.

२६ डिसेंबर

बॅटरी आली!! दोन तास चार्ज होईपर्यंत हिरव्या दिव्याकडे टक लावून बसलो. मग एका फळीला भोक पाडलं. लोण्यात सुई जावी तसं. मग दुसरं. मग मोठं बिट लावून तिसरं. दुपारपर्यंत फळीला सदतीस भोकं. कशासाठी? कशासाठीच नाही! एवढं सुख मला गेल्या दहा वर्षांत कशाने झालं असेल तर आठवत नाही, आणि हे लिहितानाही जरा लाजच वाटते.

दार उद्या.

२७ डिसेंबर

ही दिवसभर बाहेर होती. बरंच झालं, करवत मनसोक्त चालवता आली.

२८ डिसेंबर

दार चार सेंटिमीटर आखूड कापलं गेलं.

दोनदा मोजलं होतं. दोन्ही वेळा चौकटीचं मोजलं, फरशीपर्यंतचं नाही. खालच्या फटीतून मांजर आरामात जाईल, मग आवाज का जाणार नाही? खाली पट्टी जोडावी लागेल.

आज पहिल्यांदा धास्ती वाटली. सहा दिवस उरलेत. हिचं काम गेलं तर ते ह्या फटीतून जाईल, आणि ती फट मी केलीय. हिला सांगितलं नाही. हिने विचारलंही नाही. आधी रोज विचारायची, "कुठवर आलं?" कधीपासून थांबली ते आठवून बघितलं, पण आठवेना.

३० डिसेंबर

पट्टी बसली! बिजागऱ्या बसल्या. दार आत उघडलं आणि हिच्या टेबलावर आदळलं. टेबल सरकवायला जागाच नाही.

लेकीला फोन केला, मन हलकं करायला. म्हणाली, "बाबा, आईला विचारलंस का दार कुठल्या बाजूला उघडायला हवंय?"

"तिला चकित करायचंय गं."

"बाबा, तिला दोन वर्षांपासून माहितीय."

मग म्हणाली, "आई कशी आहे?" मी म्हटलं, मजेत. बाजूलाच आहे, देऊ का? तर नको म्हणाली, सकाळीच बोलणं झालंय. दोघी हल्ली रोज बोलतात. चांगलं आहे, आईला लेकीचा आधार असावा.

सगळ्या बिजागऱ्या काढून उलट्या बाजूला लावल्या. आता दार बाहेर उघडतं. स्क्रूचं मशीन ह्यासाठीच घेतलं होतं, हे सिद्ध झालं.

१ जानेवारी

झालं!!! चारी बाजूंनी रबराच्या पट्ट्या, आतून जाड फोम, त्यावर कापड. लावलं की 'धप्प' असा भरीव आवाज येतो. मिलिमीटर येऊन मोजपट्टी लावून गेले. वर दीड, खाली दोनचा फरक. "पहिल्या दाराला हे उत्तम," म्हणाले. जीव भांड्यात पडला. फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, अकरा अंगठे आले.

ही उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. "छान झालंय," म्हणाली. आणि ते खरं होतं, मनापासून होतं, ते मला ओळखता येतं. "तुला आवडलं ना हे सगळं करायला?" असंही विचारलं. मी म्हटलं, फार! खूप दिवसांनी हिने माझ्या केसांतून हात फिरवला. भुसा होता, म्हणून असेल.

आता घासायचं मशीन घ्यायला हरकत नाही.

२ जानेवारी

रंग वाळतोय. उद्या चाचणी, लगेच नमुना, लगेच पाठवणी. एक दिवस हातात ठेवून काम संपवलं असतं, पण रंगाशिवाय दार बरं दिसलं नसतं.

३ जानेवारी

हिला आत बसवलं. म्हटलं, काहीही बोल, मोठ्याने बोल. दार लावलं आणि बाहेर कान टेकवून उभा राहिलो. चकार शब्द नाही! पाच मिनिटं, दहा मिनिटं. आनंदाने दार उघडलं.

ही खुर्चीत बसली होती. समोर पुस्तक नव्हतं. म्हणाली, "स्टुडिओजवळ खोली घेतलीय मी. परवा जातेय. राहायलाच. तुझ्या तोंडावर सांगायला जमेल की नाही कळेना, म्हणून आधी आत बसून तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं."

मी दाराची रबरपट्टी अंगठ्याने दाबून बघितली.

"तुला काहीच ऐकू आलं नाही ना?" ही म्हणाली. "मग दार चांगलं झालंय."