रोजचा एक वाचक

अश्विनचे बाबा,

मी करडीले भावाकडे चालली. धानाची रोपं लावून रोवणा सरल्यावरही लवकर येईन असं नाही. भात चुलीवरच्या गंजात झाकून आहे, वरण गरम करून घ्या.

तुमच्या ब्लॉगचं सांगाचं होतं. रविवारी कारध्याले ताईकडे मी तो मोबाईलवर लावला, तर उघडलाच नाही. तिची तृप्ती म्हणाली, "मावशी, साईट तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे. घरच्या वायफायवरच दिसते, बाहेर कोणालेच नाही."

वर्षभर व्हिडिओ पाहू पाहू तुम्ही रंग बदलवले, वर अश्विनचा फोटो लावला, खाली वाचणाऱ्यांचा आकडा लावला. तो आकडा रोज एक दाखवते. तो एक म्हणजे मी. चुलीपाशी बसून वाचत होती.

अश्विन वारल्यापासून तुम्ही घरात त्याचं नाव काढलं नाही. जे मले सांगाचं, ते तुम्ही ब्लॉगवर जगाले सांगून राहिले होते. जगानं नाही वाचलं, मीच वाचलं.

उद्यापासून आकडा शून्य दिसल. साईट बिघडली समजून सेटिंगमधी हात घालू नका.

सत्यभामा