पाच पायांची शेळी

प्रिय रूथआत्या,

काल पाळकांचा फोन आला. नाताळ जवळ आला, गव्हाणीच्या देखाव्यासाठी शाडू आणाल ना, म्हणाले. दरवर्षी हा फोन तू करायचीस आणि मी पेणहून मातीची पिशवी घेऊन रोह्याची गाडी धरायचो. काल "आणतो" म्हणालो खरा, पण तुझ्याशी बोलल्याशिवाय ती पिशवी उचलणं मला जमणार नाही.

तुझा तो रविवारचा वर्ग! प्रार्थना संपली की चर्चच्या ओसरीवर दहाबारा पोरं, माती, रंग, आणि खोडरबराला सक्त मनाई. काम झालं की हात पुसायचे, आपण केलेल्या वस्तूकडे नीट बघायचं आणि मोठ्यांदा म्हणायचं, "चांगलं हाय." सृष्टी घडवताना देवानं रोज हेच केलं, मग आपण का लाजायचं, हे तुझं म्हणणं.

एस्तेरनं गव्हाणीसाठी केलेली शेळी आठवते? पाच पायांची!

"पाचवा कशाला गो?" तू विचारलंस.

"एक दुखला तर?"

"बघा! देवानं हा पाचवा पाय तुझ्यासाठी राखून ठेवला व्हता," म्हणालीस, आणि तिच्याकडून "चांगलं हाय" दोनदा म्हणवून घेतलंस.

मी कोपऱ्यात बसून हसत होतो. नुसतं हसलो असतो तर काही नव्हतं गं, मी मनात लेख लिहीत होतो. पुढच्याच आठवड्यात तो पेपरात आला. एक बाई, त्यांच्या वर्गात नापास होणं अशक्य, तिथली शेळी पाच पायांची आणि तीही चांगली! नावं तेवढी बदलली होती. केवढा माझा सज्जनपणा! रोह्यात अष्टमीच्या पुलावर कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं तुझ्या घराकडे बोट दाखवलं असतं.

तुझा फोन आला. "वाचलं रे शमू. चांगलं हाय." एवढंच. आणि मी गाढव, ते कौतुक समजून मित्रांना सांगत फिरलो! आत्या, माझा कान का नाही पिळलास? लहानपणी रंग सांडला तरी पिळायचीस की!

तुला माती देऊन दफनभूमीतून परतलो तेव्हा एस्तेर तुझ्या पायरीवर चित्र काढत बसली होती. शेळीच. वही माझ्यापुढे धरली.

"मोजा काका. चारच हायत."

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"आता आमी तसं नाय म्हणत. पेपरात आलं ना, मग शाळेत पोरं मला पाचपायी म्हणायला लागली. बाईंनी मग ते म्हणायचंच बंद केलं."

बंद केलंस, आणि मला कळूही दिलं नाहीस! माझ्या इतक्या वर्षांच्या लेखांनी एक पुढारी सुधारला नाही. एका लेखानं मात्र आठ वर्षांच्या पोरीला पाय मोजायला लावलं.

या रविवारी येतो. कोपऱ्यात नाही, पोरांमध्ये मांडी घालून बसेन. आधी सगळ्यांसमोर एस्तेरची माफी मागेन, मग स्वतः शेळी करेन. माझ्या हातून काय घडणार ते तुला ठाऊकच आहे. पोरं खो खो हसतील. हसू देत. हात पुसेन, तिच्याकडे नीट बघेन आणि मोठ्यांदा म्हणेन.

पाय किती लावायचे, ते एस्तेर सांगेल तसं.

तुझा कान न पिळलेला भाचा,
शमू